सेनापतीच्या पायाचं माप

दोरीवर सात मोजे वाळत होते आणि सातही एकाच पायाचे होते.

ताईंनी ते दात घासता घासता मोजले, ब्रश तोंडात तसाच ठेवून पुन्हा मोजले, आणि मग चूळ भरायचं विसरून गच्चीच्या दारातच उभ्या राहिल्या. हे मोजे तुमच्याआमच्यासारखे नव्हते. त्यांना टाच नव्हती, बोटांची जागा नव्हती. पांढऱ्या लोकरीच्या लांबट टोप्याच त्या. गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस उरलेल्या पायावर अशी टोपी चढवतो आणि मग तो नकली पायाच्या खोबणीत घालतो. उरलेला पाय वर्षागणिक रोडावत जातो, खोबणी मात्र होती तेवढीच राहते. मधली पोकळी भरायला मोज्यावर मोजा चढत जातो. नव्या पायाला एक मोजा, दोन वर्षांनी दोन, आणि तिसरा चढला की कोणताही शहाणा कारागीर सांगतो, आता नवं माप द्या. पाच म्हणजे निव्वळ आळस. सात मोजे ताईंनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते, आणि आता पाहिले ते स्वतःच्या घरच्या दोरीवर.

मोजे अप्पांचे, म्हणजे ताईंच्या वडिलांचे. ते स्वतःच धुवायचे आणि चादरीच्या आड वाळत घालायचे. त्या दिवशी वाऱ्याने चादर उडाली आणि बिंग फुटलं.

आता ताईंविषयी. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या आवारात, धोबीखान्याला लागून, कृत्रिम अवयवांची कार्यशाळा आहे. तिथे ताई चोवीस वर्षं पाय करत होत्या. आवारात त्यांना सगळे पायवाल्या ताई म्हणत, आणि त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरात नव्हतं. रस्त्याने त्या खाली बघत चालत. नातेवाइकांना वाटायचं, मुलगी किती विनयशील! विनयाचा काडीचा संबंध नव्हता. ताई येणाऱ्याजाणाऱ्यांचे गुडघे बघत असायच्या. माणसाचा चेहरा त्या विसरत, चाल कधी विसरत नसत. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं यावर नातेवाइकांनी पुष्कळ चर्चा करून ठेवली आहे, आपण त्यात भर घालायला नको. घरात अप्पा आणि त्या, दोघंच.

अप्पा सैन्यात होते, पण बंदुकीशी त्यांचा संबंध मोजण्यापुरता. ते कोठाराचे कारकून. किती पोती आली, किती गेली, कोणाच्या सहीने गेली, हे त्यांचं युद्धशास्त्र. त्यांच्या वेळचं युद्ध चौदा दिवस चाललं. नवव्या दिवशी दिवे विझवलेल्या छावणीत बटाट्यांचा ट्रक मागे घेताना अप्पांचा डावा पाय चाकाखाली आला. शत्रूचा त्यात काही हात नाही, आपल्याच बटाट्यांनी घात केला, असं ते भेटेल त्याला हसत सांगत. शाळेच्या पुस्तकात त्या युद्धाला दीड पान आहे. अप्पांच्या पायाला मात्र अठ्ठेचाळीस वर्षं होत आली होती, आणि तो अजून रोज सकाळी बांधावा लागत होता.

सुरुवातीला सरकारी लाकडी पाय होता, जड आणि गुलाबी रंगाचा. तो जाऊन चोवीस वर्षांपूर्वी ताईंच्या हातचा पाय आला, तोच आजपर्यंत. पट्टे ताईंनी घरीच स्वयंपाकघराच्या ओट्यावर सात-आठ वेळा बदलले, खालचं रबरी पाऊल तीनदा बदललं, पण खोबणीला अप्पांनी हात लावू दिला नाही. खोबणी बदलायची तर कार्यशाळेत येऊन माप द्यावं लागतं, आणि कार्यशाळेची पायरी अप्पा चढत नसत. ताई आधी समजावायच्या, मग रागवायच्या, मग अबोला धरायच्या. अबोला अप्पांना मानवायचा, कारण वाचायला शांतता मिळायची.

पण गेल्या महिन्यात अप्पा न्हाणीघरात पडले. साबण उचलायला वाकलो होतो, म्हणाले. ताईंनी जाऊन पाहिलं तर साबण त्याच्या जागी होता आणि कोरडा होता. त्या वेळी कोपरावर निभावलं. शहात्तराव्या वर्षी पुढचं पडणं खुब्यावर आलं तर माणूस खाटेवरून उठत नाही, हे ताईंना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. अशी माणसं त्यांनी डझनांनी पाहिली होती. आणि आता हे सात मोजे.

संध्याकाळी त्यांनी सातही मोज्यांची चळत टेबलावर अप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि समोर बसल्या. अप्पांनी पुस्तकातून मान वर केली, चळत पाहिली, आणि म्हणाले की सेनापती पंचवीस वर्षं एकाच पायावर चालतो, त्याला कोणी मोजे मोजून दाखवत नाही.

हा सेनापती कोण, ते सांगायला हवं. अप्पांना ग्रहगोलांवरच्या युद्धांच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. त्यातली सगळ्यात लाडकी 'लोहचंद्राचा वेढा'. दोन चंद्रांमध्ये घनघोर युद्ध होतं, शेवटच्या लढाईत सेनापतीचा डावा पाय तोफेच्या ज्वाळेत जातो, त्याला पोलादी पाय बसवतात आणि तो त्याच पायाने शत्रूचा दरवाजा फोडतो. पुढे त्याच लेखिकेने दुसरा भाग लिहिला, 'वेढा उठल्यावर'. त्याची गोष्ट पंचवीस वर्षांनंतरची. सेनापती आता साठीचा, आणि दरवाजे तोडायचे उरलेले नाहीत. अप्पांनी दोन्ही भाग इतक्या वेळा वाचले होते की दुसऱ्या भागाचं कव्हर निखळून गेलं होतं. ताईंनी एकही वाचलं नव्हतं. दिवसभर पाय बघून घरी आल्यावर माणसाला आकाशातल्या पायांत रस उरत नाही.

त्या दिवशी मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. बघतेच तुमचा सेनापती, असं म्हणून त्यांनी दोन्ही पुस्तकं उचलली आणि आठवडाभरात वाचून काढली. जेवणाच्या सुट्टीत, मांडीवर डबा आणि डब्यावर पुस्तक.

पहिला भाग त्यांना बेताचाच वाटला. धुरळा फार. दुसऱ्या भागाने मात्र त्यांना गाठलं. कारण त्यात लढाई नव्हतीच, लढाईचं उरलंसुरलं होतं. फुटलेल्या यानांचं भंगार पंचवीस वर्षं झाली तरी आकाशातून पडत असतं, आणि शेतावर जाणाऱ्या बायका डोक्यावर पत्र्याच्या छत्र्या घेऊन जातात. शत्रूची भाषा शाळेत सक्तीची झालेली असते आणि मुलं घरी येऊन तिच्यात भांडतात. सायरन वाजवणाऱ्या माणसाची नोकरी गेलेली नसते. तो रोज दुपारी यंत्राला तेल घालतो आणि घरी जातो. एका दूरच्या चंद्रावर तर दोन पहारेकरी राहून गेलेले असतात. तह झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. पंचवीस वर्षं ते रोज सकाळी तोफ पुसतात आणि वहीत लिहितात, शत्रू अजून आला नाही. हे प्रकरण अप्पांचं सगळ्यात आवडतं. इतर प्रकरणं ते हसत हसत वाचून दाखवत, पण हे वाचताना ते कधी हसत नसत. ताईंना ते तेव्हा विचित्र वाटलं आणि लगेच विसरूनही गेलं.

त्या विसरल्या कारण त्यांचं सगळं लक्ष पायाकडे होतं. लेखिकाबाईंनी छत्र्या लिहिल्या, तेल लिहिलं, आणि पाय विसरल्या! पंचवीस वर्षं तोच पोलादी पाय. एक पट्टा तुटत नाही, एक फोड येत नाही. पान एकशे चारवर सेनापती धावतो काय, दोनशे साठवर नाचतो काय. आणि तीनशे बारावर शिडी चढताना नकली पाय डाव्याचा उजवा झालेला! ताईंनी पेन्सिलीने समासात 'कसं?' असं सतरा ठिकाणी लिहिलं.

मग एका दुपारी, काम कमी होतं तेव्हा, त्यांनी गंमत म्हणून कार्यशाळेचा छापील केसपेपर घेतला आणि सेनापतीच्या नावाने भरला. वय एकसष्ट. व्यवसाय, सेनापती (निवृत्त). पाय डावा, पृष्ठ ३१२ वर उजवा, खात्री करावी. कारण, तोफ. आधीचा पाय किती वर्षं वापरला, पंचवीस. तक्रारी, एकही नाही. रुग्ण काहीतरी लपवत आहे. पत्त्याचा रकाना रिकामा राहिला तो त्यांच्याने बघवेना. पुस्तकाच्या आतल्या पानावर लेखिकेचा पत्ता होता, तोच लिहून टाकला. तेवढ्यात कोणाच्या तरी गुडघ्याचा स्क्रू अडकला म्हणून हाक आली आणि ताई केसपेपर टेबलावर तसाच सोडून गेल्या.

कार्यशाळेची एक पद्धत आहे. टेबलावर भरलेला केसपेपर दिसला की तो पुढच्या खिडकीत जातो. खिडकीत ज्या बाई बसतात त्यांना सगळे खिडकीबाई म्हणतात. त्या केसपेपरला नंबर देतात, तारीख देतात, आणि पत्त्यावर छापील कार्ड टाकतात. हे काम त्यांनी बावीस वर्षं अचूक केलं होतं, आणि अचूक व्हावं म्हणूनच त्या नाव, पत्ता आणि पाय यांपलीकडे काही वाचत नसत. आडनावाच्या जागी सेनापती दिसलं. असतात की लोक सेनापती आडनावाचे.

दहा दिवसांनी, मंगळवारी सकाळी साडेनऊला, खिडकीपुढे एक पन्नाशीच्या बाई उभ्या राहिल्या. अंगाने काटकुळ्या, खांद्याला मोठी पिशवी, दोन्ही पाय धडधाकट. त्यांनी कार्ड पुढे केलं. कार्डावर लिहिलं होतं की सेनापती यांनी डाव्या पायाचं माप देण्यासाठी यावं आणि येताना जुना पाय सोबत आणावा.

"मी त्यांच्या वतीने आले आहे," बाई म्हणाल्या. "जुना पाय आणता आला नाही. तो पुस्तकातच आहे."

खिडकीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं की माप रुग्णाचंच लागतं, नातेवाइकांचं चालत नाही. आवाज ऐकून ताई बाहेर आल्या. कार्ड पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुस्तकाच्या मागच्या बाजूचा फोटो आठवला, आणि त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी अशा वेळी कामाला येत नाही. त्यांनी माफी मागितली, आत नेलं, चहा मागवला.

लेखिका पोटापाण्यासाठी दातांच्या डॉक्टर होत्या. सकाळी दात, संध्याकाळी चंद्र. कार्ड मिळाल्यापासून तीन दिवस हसत होते, म्हणाल्या, आणि चौथ्या दिवशी झोप उडाली. कारण तिसऱ्या भागाच्या नव्वदाव्या पानावर त्यांची गाडी वर्षभर रुतून बसली होती. लढाई नाही, शत्रू नाही, सेनापती नुसता खुर्चीत बसून राहतो आणि काही केल्या उठत नाही.

"कसा उठेल?" ताई म्हणाल्या. "बसवेल तिथे बसतो तो. दुखतं त्याला."

मग त्यांनी डॉक्टरांना कार्यशाळा फिरवून दाखवली. भिंतीला टेकून उभे असलेले प्लास्टरचे साचे, प्रत्येकावर नंबर आणि तारीख. एकाच माणसाचे वीस वर्षांतले पाच साचे त्यांनी ओळीने मांडले. पहिला मांडीएवढा रुंद, पाचवा मनगटाएवढा. डॉक्टर ते बघत राहिल्या. हिरडी अशीच झिजते, त्या हळूच म्हणाल्या; कवळी बसवली की पाच वर्षांत ढिली होते, माझ्याकडे रोज तीन माणसं त्यासाठीच येतात. ताईंनी विचारलं की मग सेनापतीच्या वेळी हे आठवलं कसं नाही. डॉक्टर ओशाळल्या आणि म्हणाल्या की तो पाय पोलादाचा होता.

"पोलाद झिजत नाही, डॉक्टर. सेनापती झिजतो."

हे डॉक्टरांनी पिशवीतून वही काढून लिहून घेतलं. मग त्यांनी एक विनंती केली. खूप वर्षं एकच पाय वापरलेला माणूस बघायला मिळेल का? त्याचं माप घेताना शेजारी बसता येईल का? ताई म्हणाल्या की असा एक माणूस आहे, माझ्याच घरात आहे, पण तो इथे येत नाही. यमाने बोलावलं तर जाईल, मी बोलावलं तर येत नाही. डॉक्टरांनी विचार केला आणि त्याच कार्डाच्या मागे अप्पांना चार ओळी लिहिल्या. सेनापतीच्या जागी उभं राहायला अनुभवी माणूस हवा आहे, आपण याल का, एवढंच.

अप्पांनी ते कार्ड चार वेळा वाचलं. चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं. मग उलटवून छापील बाजू वाचली आणि विचारलं, केसपेपरवर नाव कोणाचं असेल? सेनापतीचंच, ताई म्हणाल्या. माझं कुठेच नाही ना, वहीत, रजिस्टरात, कुठेच? नाही. मग येतो, अप्पा म्हणाले. ताईंना वाटलं, म्हातारपणी माणसाला नाटकाची हौस येते. त्यांनी फार खोलात न जाता दुसऱ्या मंगळवारची वेळ घेतली.

अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले. चोवीस वर्षांनी फाटकातून आत शिरताना ते जरा भिंतीच्या कडेकडेने चालले आणि खिडकीसमोरून जाताना त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. आत बाकावर बसून त्यांनी पट्टा सोडला, पाय काढला, आणि एकेक करत सात मोजे उतरवले. त्यांच्याखाली नडगीच्या टोकाला रुपयाएवढी लालभडक जागा होती, मधोमध कातडी गेलेली. जखम डॉक्टरांनी पाहिली, ताईंनी पाहिली. ताईंनी मलम लावलं, पातळ जाळी चढवली, ओल्या पेन्सिलीने हाडांच्या खुणा केल्या आणि प्लास्टरची पट्टी भिजवून गुंडाळायला घेतली.

प्लास्टर घट्ट होईपर्यंत गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरावे लागतात. पाच मिनिटं हात हलवायचा नाही. त्या पाच मिनिटांत डॉक्टरांनी विचारलं, "एक विचारू? सेनापतीसाठी हवं आहे. इतकं दुखत असताना माणूस पाय का बदलत नाही?"

अप्पा छताकडे बघत म्हणाले, "सेनापतीचं मला माहीत नाही. माझा पाय सशर्त आहे."

आणि त्यांनी सांगितलं. चोवीस वर्षांपूर्वी ताई इथे शिकाऊ होती. परीक्षेत प्रत्येकाने एक पाय करून माणसाला चालवून दाखवायचं असायचं. शिकाऊ पोरीच्या पायावर उभं राहायला कोणी तयार होईना, म्हणून अप्पा उभे राहिले. पायाचं पाऊल बोटभर बाहेर वळलेलं होतं. परीक्षक मिशाळ, कडक माणूस. ते म्हणाले, हा पाय चालणार नाही. अप्पा म्हणाले, मी चालून दाखवतो, आणि आधाराच्या दांड्या न धरता दालनाच्या दोन फेऱ्या मारल्या. परीक्षकांनी नाइलाजाने रजिस्टरात लिहिलं, सशर्त पास. रुग्णाने सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. अप्पांनी ते उलट्या बाजूने उभं राहून वाचलं होतं. कोठारात राहून माणसाला उलटं वाचता येतं.

"सहा महिन्यांनी मी आलो नाही," अप्पा म्हणाले. "पायच दाखवला नाही तर नापास कशाला करतील?"

ताईंचे अंगठे प्लास्टरवर होते. हात सोडता येत नव्हता, डोळे पुसता येत नव्हते. परीक्षेचा दिवस त्यांना आठवत होता, तो तिरका पाय तर त्यांना चोवीस वर्षं सलत होता. आपल्या हातचं सगळ्यात वाईट काम बाप रोज बांधून घरभर फिरतो आणि चांगलं करून द्यायचं म्हटलं तर नको म्हणतो, याचा त्यांना राग होता. त्यांना वाटायचं, यांचा माझ्या हातावर विश्वासच नाही.

"अप्पा, तो कागद पुन्हा कोणी उघडलासुद्धा नाही. मला वर्षभरात कायम केलं. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण कायम माणसालाही काढतात, कागद सापडला की. कागद असतो कुठेतरी."

"आता परीक्षा मी घेते. परीक्षक मीच आहे."

"मग तर जास्तच," अप्पा म्हणाले. "परीक्षकच सशर्त निघाला तर सगळ्यांचेच पाय परत मागवतील."

ताईंना हसू फुटलं आणि रडूही फुटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नाकातून भलताच आवाज निघाला. अंगठे मात्र हलले नाहीत. एवढ्या वर्षांचा हात होता तो. आपल्याला वाटत होतं बाप हट्टी आहे. बाप पहाऱ्यावर उभा होता, आणि कोणासाठी, तर आपल्यासाठी. हे कळायला सात मोजे मोजावे लागले याची त्यांना लाज वाटली.

डॉक्टरांची वही कधीच मिटली होती. अप्पाच त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या त्या चौकीवरच्या दोघांना तिसऱ्या भागात कोणीतरी जाऊन सांगा, बाई. फार वर्षं झाली."

प्लास्टर सुकलं. ताईंनी ते अलगद उतरवलं, आणि मग पाठ फिरवून बराच वेळ हात धूत राहिल्या.

पुढचे दोन आठवडे त्यांनी तो पाय दुसऱ्या कोणाला हात लावू न देता केला. साचा ओतला, कानशीने घासला, हाडाच्या जागी भर घातली, त्यावर तापलेलं प्लास्टिक ओढून खोबणी केली. मधल्या काळात डॉक्टरांकडून टपालाने चार पानं आली. त्यांत सेनापती खुर्चीतून उठून स्वतः त्या दूरच्या चंद्रावर जातो, ठेचकाळत, दर दहा पावलांनी थांबत, आणि दोघा पहारेकऱ्यांना सांगतो की तह झाला. त्यावर वयाने मोठा पहारेकरी विचारतो, लेखी आहे का? अप्पांनी ती पानं दोनदा वाचली आणि म्हणाले की आता बाईंना जमायला लागलं.

पाय चढवायच्या दिवशी अप्पांनी एक मोजा घातला, एकच, आणि खोबणीत पाय घातला तेव्हा हवा निघून गेल्याचा बारीक आवाज झाला. ताईंना तो आवाज फार आवडतो. पाय बसला की तो होतो. अप्पा दोन दांड्यांच्या मधे उभे राहिले, समोर मोठा आरसा. चार पावलं टाकली आणि थांबले.

"हा कोणाचा पाय आहे? हा सरळ बघतोय."

"सरळच बघायला हवा, अप्पा."

"मला सवय नाही. माझा बाहेर बघतो."

ताईंनी वाद घातला नाही. खाली बसल्या, घोट्यातला स्क्रू सैल केला, पाऊल बोटभर बाहेर वळवलं आणि पुन्हा आवळलं. शिकाऊ मुलांना ज्या चुकीसाठी त्या दरवर्षी नापास करत, ती त्यांनी मुद्दाम केली, मोजून, तंतोतंत तेवढीच. अप्पा चालले. दुसऱ्या फेरीला त्यांनी दांड्यांवरचे हात उचलले, आरशापर्यंत गेले, वळून परत आले.

"आता लिही," ते म्हणाले.

खिडकीबाईंनी चोवीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर सात मिनिटांत शोधून आणलं. कागद असतो कुठेतरी, हे अप्पांचं म्हणणं अगदी खरं होतं. ती ओळ होती, मिशाळ परीक्षकांच्या टोकदार अक्षरात, शर्तीसकट. ताईंनी तिच्याखाली तारीख घातली आणि लिहिलं: रुग्णाने पुन्हा दाखवले. पाय चोवीस वर्षे चालला. पास. परीक्षकाच्या जागी स्वतःची सही केली आणि रजिस्टर अप्पांच्या हातात दिलं.

अप्पांनी ते लांब धरून सावकाश वाचलं, या वेळी सुलट्या बाजूने. मग ताईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून दुसऱ्या हाताने रजिस्टर खिडकीतून आत सरकवलं.

"शिक्का राहिला," ते खिडकीबाईंना म्हणाले.